उतारवयात प्रत्येक आवाजाने लक्ष विचलित होते का?

वय वाढले की नको असलेले आवाज मनाबाहेर ठेवता येत नाहीत, हा समज बराच जुना आहे. १९८८ मध्ये लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या मानसशास्त्रज्ञांनी मांडलेल्या, अनावश्यक माहिती रोखण्याची क्षमता वयानुसार घटते या सिद्धांतामुळे त्याला शास्त्रीय बळही मिळाले. प्रत्यक्षात चित्र इतके सरसकट नाही. पडद्यावर एकामागून एक दिसणारे अंक त्याच क्रमाने आठवून सांगायचे आणि त्या वेळी कानावर असंबद्ध बोलणे पडत राहायचे, अशा चाचण्यांत तरुणांच्याही चुका वाढतात, आणि ज्येष्ठांना त्या आवाजाचा त्यांच्याहून अधिक फटका बसतो असे अनेक प्रयोगांत आढळलेले नाही. ज्येष्ठांची खरी अडचण होते ती गोंगाटात समोरच्याचे बोलणे ऐकताना, कारण वयोमानाने उच्च वारंवारतेचे ध्वनी आधी मंदावतात, ‘स’ आणि ‘फ’ यांसारखी व्यंजने पुसट होतात, शिवाय हवे ते बोलणे आणि नको तो गलका, दोन्ही एकाच वाटेने कानात शिरतात. घोळक्यात एखादे वाक्य निसटलेल्या आजोबांना ‘तुमचं लक्षच नसतं’ असे सुनावणे म्हणूनच अन्यायाचे आहे. आधी त्यांची श्रवणचाचणी करून घ्यावी.