नायट्रस इंजिन फोडत नाही, अपुरं पेट्रोल फोडतं

‘नायट्रस मारला की इंजिन फुटतंच’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. ताकद वाढवायला इंजिनात सोडला जाणारा हा वायू, नायट्रस ऑक्साइड, मुळात इंधनच नाही, तो जळत नाही. सुमारे 300 अंश सेल्सिअसला त्याचं विघटन होऊन ऑक्सिजन सुटतो. वजनाने हवेत ऑक्सिजन 23 टक्के, नायट्रसमध्ये 36. या जादा ऑक्सिजनला जादा पेट्रोल मिळालं नाही की मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), डिटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अनियंत्रित स्फोट, सुरू होतं आणि पिस्टन वितळतो. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे न घेणं हेही एक कारण, पण बहुतेकदा घात इंधनाकडूनच होतो.

200 हॉर्सपॉवरच्या शॉटला, म्हणजे तेवढी ताकद वाढवणाऱ्या नायट्रसला, मिनिटाला साधारण लिटरभर जादा पेट्रोल लागतं. ‘पेट्रोलच्या दाबाचं गेज 7 पीएसआय (दाबाचं एकक) दाखवतंय, मग झालं’ असं म्हणणाऱ्यांनी एवढं बघावं: ते 7 पीएसआय प्रवाह बंद असतानाचे आहेत की सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) उघडून पेट्रोल वाहू लागल्यावरचे? दाब नेहमी वाहत्या पेट्रोलवरच सेट करायचा.

ड्रॅग कारमध्ये (सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीच्या गाडीत) तर आणखी एक गोष्ट हमखास विसरली जाते. टाकी आणि पंप मागे, इंजिन पुढे. गाडी 1 जी (गुरुत्वाकर्षणाइतक्या) वेगवृद्धीने सुटली की 3 मीटर लाइनमधलं पेट्रोल मागे रेटलं जातं आणि जवळपास 3 पीएसआय तिथेच जातात; 2 जीला 6. म्हणून पंपापासून लाइनमध्ये दाब भरपूर जास्त ठेवायचा, दाब कमी करून स्थिर ठेवणारा रेग्युलेटर कार्ब्युरेटरजवळ (हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाजवळ) बसवायचा आणि नायट्रसला शक्यतो स्वतंत्र पंप द्यायचा.