पासकी ओळखते कोणाला?

‘पासकी बनवा’, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्या कुलपानेच लॉगिन करा, म्हणून हल्ली बरीच अ‍ॅप्स मागे लागतात. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं चुकत नाही. पासकी बनवताना फोन डिजिटल किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. खासगी किल्ली आपल्याकडे राहते, सार्वजनिक किल्ली साइटकडे जाते. लॉगिनच्या वेळी साइट दरवेळी नवा आकडा पाठवते. आपण बोट टेकवलं की फोन त्यावर खासगी किल्लीने डिजिटल सही करतो, आणि साइट ती सार्वजनिक किल्लीने तपासते. बोटाचा ठसा फोनबाहेर जातच नाही.

शिवाय ही किल्ली साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते. पत्त्यात एक अक्षर जरी वेगळं असलं, तरी खोट्या साइटसाठी फोन सही करत नाही. ओटीपी मात्र फोनवर बोलून सांगता येतो, खोट्या पानावर टाइप करता येतो, सिम स्वॅप करून, म्हणजे आपल्या नंबरचं दुसरं सिम मिळवून, पळवताही येतो. लोक फसतात ते अडाणी असतात म्हणून नव्हे. मुळात ती रचनाच माणसाच्या सावधपणावर उभी आहे.

वेबऑथन हे पासकीमागचं मानक २०१९ साली मंजूर झालं. २०२२ मध्ये अ‍ॅपल, गूगल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी त्याला एकत्र पाठिंबा जाहीर केला. पण ही व्यवस्था एक माणूस, एक फोन असं धरून चालते. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत डिपिंग करून, म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवून, आलेल्या ओल्या, भेगाळलेल्या बोटाला सेन्सर दाद देत नाही. मग पिन टाकायचा. घरचा फोन असेल तर तो पिन मुलालाही ठाऊक, पुतण्यालाही. म्हणजे पासकी माणसाला ओळखत नाही. हा फोन ज्याला उघडता येतो, त्याला ओळखते. पूर्वी निदान बँकेचा पासवर्ड फोनच्या पिनपेक्षा वेगळा असायचा!

सायबर कॅफेतल्या संगणकावर लॉगिन करायचं तर पडद्यावरचा क्यूआर फोनने स्कॅन करावा लागतो. तेव्हा फोन खरंच जवळ आहे ना, हे ब्लूटूथने तपासलं जातं. त्यामुळे दूरवरच्या भामट्याने पाठवलेला क्यूआर निकामी ठरतो. पण नाशिकरोडच्या कॅफेतल्या जुन्या डेस्कटॉपला ब्लूटूथ नसेल, तर हाच पहारा खऱ्या मालकालाही दारातच अडवतो.

फोन हरवला तर? म्हणून पासकी गूगल किंवा अ‍ॅपलच्या खात्यात कूटबद्ध करून ठेवता येते. सोय मोठी आहे, पण मग सगळी भिस्त त्या एका खात्यावर येते. ते नको असेल तर यूएसबीची, पेनड्राइव्हसारखी दिसणारी वेगळी सुरक्षा-किल्ली मिळते. तिच्यातली खासगी किल्ली बाहेर काढता येत नाही. अर्थात अशा दोन घ्याव्या लागतात, आणि दुसरी घरात जपून ठेवावी लागते.