शीर्षमृदा नियोजन, कोळसा खाणींतील

उघड्या खाणीसाठी जमीन खणण्यापूर्वी तिच्यावरील सुपीक मातीचा थर वेगळा काढणे, तो साठवणे किंवा लगेच वापरणे आणि उत्खननानंतर उरलेल्या भूमीवर पुन्हा पसरणे यांची पूर्वयोजना. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः वर्धा खोऱ्यातील (चंद्रपूर व यवतमाळ जिल्हे) कोळसाक्षेत्राचा विचार केला आहे. येथील कोळसा गोंडवनी खडकांच्या बराकर शैलसमूहात आढळतो. त्यावर बऱ्याच ठिकाणी कामठी वालुकाश्म व सर्वांत वर गाळाची काळी माती असते. बहुतेक खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स लिमिटेडच्या (स्थापना १९७५, मुख्यालय नागपूर) आहेत.

या काळ्या मातीच्या उत्पत्तीविषयी मतभेद आहेत. काळी माती म्हणजे खालच्याच बेसाल्टाची जागच्या जागी झालेली झीज, हे जुने मत दख्खनच्या पठारावर पुष्कळ अंशी लागू पडते. येथे मात्र मातीखाली अनेक ठिकाणी वालुकाश्म आहे आणि त्यापासून इतकी फुगणारी, स्मेक्टाइटयुक्त (पाण्याने फुगणारे मृद्‌खनिज असलेली) चिकणमाती तयार होणे अवघड. त्यामुळे वर्धा, पैनगंगा व त्यांच्या उपनद्यांनी बेसाल्टी प्रदेशातून आणलेला हा गाळ असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. त्यातील स्मेक्टाइट आजच्यापेक्षा आर्द्र हवामानात, बहुधा प्लाइस्टोसीन काळात (हिमयुगांच्या काळात) किंवा त्यापूर्वी, तयार झाले असावे. नियोजनाच्या दृष्टीने हा वाद केवळ शास्त्रीय नाही. गाळाचा थर नदीकाठी काही मीटर जाड, तर वालुकाश्माच्या उंचवट्यावर वीतभरही नसतो. म्हणून संपूर्ण खाणपट्ट्यासाठी एकच सरासरी जाडी धरलेला आराखडा फसवा ठरतो.

शीर्षमृदा किती खोलीपर्यंत मानावी, हेही काळ्या मातीत सहज ठरत नाही. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांत वरची भुसभुशीत माती घसरते, पावसाळ्यात सगळा थर फुगतो आणि अशा घुसळणीमुळे थरांच्या सीमा पुसट होतात. १५ ते ३० सेंमी. ही रूढ मर्यादा त्यामुळे सोयीपुरती आहे. खाली चुनखडे वाढत जातात, काही ठिकाणी सोडियमही वाढते. ती माती वर आल्यास जमीन चोपण (सोडियममुळे घट्ट व पाणी न मुरणारी) होण्याचा धोका असतो. रंग खालपर्यंत काळाच असल्याने डोझरचालकाला फरक दिसत नाही. खोली आधी मृदापरीक्षणाने ठरवून द्यावी लागते. ३० सेंमी. थर काढल्यास हेक्टरी ३,००० घ.मी. माती निघते.

साठवणीत मातीचा कस घटतो. ढिगाच्या आतील भागात प्राणवायू पोहोचत नाही, कवकमूले (मुळांशी सहजीवन करणाऱ्या बुरशा) व गांडुळे मरतात, अमोनियम साचते. ढीग उकरल्यावर त्याचे नायट्रेट होऊन ते पावसाबरोबर वाहून जाते. ब्रिटनमधील १९८०च्या दशकातील अभ्यासात चिकणमातीच्या ढिगात सुमारे ०.३ मी. खालीच, तर वालुकामय मातीत सुमारे २ मी. खाली प्राणवायूविना स्थिती आढळली. काळ्या मातीचे ढीग म्हणूनच बुटके ठेवून त्यांवर ताग किंवा स्टायलो (एक द्विदल चारापीक) पेरणे इष्ट. साठवणच टाळून एका बाजूची माती काढताच दुसऱ्या बाजूच्या भरलेल्या खदानीवर पसरणे सर्वांत चांगले, पण खाणीच्या पहिल्या काही वर्षांत भरलेली जागाच नसते.

माती हलवायची ती वापसा (बेताचा ओलावा) असताना. भर पावसात ती यंत्राखाली चेपून घट्ट होते, मे महिन्यात ढेकळे निघतात. खाणीतून काढलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांहून अधिक नसावा अशी अट सामान्यतः पर्यावरण मंजुरीत असते. तरीही नुसती काळी माती उतारावर फुगून घसरते. तेथे तिच्यात मुरूम मिसळलेला बरा.

अमेरिकेच्या उघड्या कोळसा खाणींविषयीच्या १९७७च्या कायद्याने शीर्षमृदा वेगळी काढणे बंधनकारक केले. उत्तम शेतजमिनीबाबत खालचे थरही स्वतंत्र ठेवावे लागतात. भारतात कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाणबंदी आराखड्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली व उघड्या खाणींसाठी हेक्टरी ६ लाख रु. हा खाणबंदीच्या खर्चासाठीच्या ठेवीचा मूळ दर ठरवला. २०१३ मध्ये त्यांत सुधारणा झाली. मोठ्या खाणींची दरवर्षी उपग्रहाद्वारे पाहणी होते. तीत हिरवाई दिसते, तिच्याखालील मातीची जाडी नाही.

माती न राखलेल्या जुन्या ढिगाऱ्यांसाठी नागपूरच्या नीरी (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था) या संस्थेने साखर कारखान्यातील प्रेसमड (रस गाळून उरलेली मळी), रायझोबियम व ॲझोटोबॅक्टर हे नत्र स्थिर करणारे जीवाणू आणि कवकमूले यांचा एकत्रित वापर करणारी पद्धत विकसित केली. ती गुमगाव येथील मँगनीज खाणीवर व नंतर कोळसा खाणींच्या ढिगाऱ्यांवरही वापरण्यात आली.