नोबिता कोमात नव्हता

‘शेवटच्या भागात कळतं की नोबिता कोमात होता आणि डोरेमॉन हे फक्त त्याचं स्वप्न होतं.’ भविष्यातून आलेला यंत्रमांजर डोरेमॉन आणि त्याचा शाळकरी मित्र नोबिता यांच्या जपानी कार्टूनबद्दल ही गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे, आपल्याकडेही. ती खोटी आहे. असा भाग ना छापला गेला, ना टीव्हीवर आला. मूळ चित्रकथाकार फुजिको एफ. फुजिओ १९९६ मध्ये वारले, आणि मालिकेचा कायमचा शेवट त्यांनी केलाच नव्हता. डोरेमॉनची बॅटरी संपते आणि मोठेपणी नोबिता त्याला दुरुस्त करतो, ही दुसरी कहाणीही एका चाहत्याने रचलेली.

निरोपाचा भाग मात्र खरंच आहे, १९७४ मधला. डोरेमॉनला भविष्यात परतायचंय, पण रडूबाई नोबिताला एकटं सोडवत नाही. मग त्याने निश्चिंत जावं म्हणून नोबिता डोरेमॉनचं कोणतंही गॅजेट न वापरता दांडगट जियानशी भिडतो. बेदम मार खातो, पण त्याला सोडत नाही. शेवटी जियानच हार मानतो.

पुढच्याच भागात जियान नोबिताला एप्रिल फूल करतो: ‘डोरेमॉन आलाय!’ चिडलेला नोबिता डोरेमॉनने मागे ठेवलेलं औषध पितो. ते प्यायल्यावर बोलाल त्याच्या उलट घडतं. आधी त्यावर भरपूर धमाल होते. मग घरी येऊन तो हताशपणे म्हणतो, डोरेमॉन आता कधीच परत येणार नाही. आणि डोरेमॉन हजर! ज्या युक्तीवर आपण दोन पानं हसलो, तिनेच डोळ्यांत पाणी आणलं. कोमाची अफवा याच्यासमोर फारच आळशी वाटते, बुवा.