वर्तमानपत्रातले ‘पत्र’

‘आगरकरांनी 1888 मध्ये स्वतःचे पत्र काढले’ हे वाक्य आजच्या शाळकरी मुलाला कोड्यात टाकेल. पत्र लिहितात, पाठवतात; काढतात कसे? त्या काळच्या वाचकाला मात्र ‘सुधारक’ हे वर्तमानपत्र सुरू झाले एवढे लगेच कळले असते. पत्र काढणे, पत्र चालवणे, पत्र बंद पडणे हे एकोणिसाव्या शतकातल्या मराठी वृत्तसृष्टीचे रोजचे बोलणे होते.

संस्कृतात पत्र म्हणजे पान. भूर्जपत्र, ताम्रपत्र अशा वाटेने ते लिखाणाशी जोडले गेले आणि मराठीत मुख्यतः खुशालीच्या कागदाचे नाव झाले. छापखाना येण्याआधी दूरची बातमी कळायची तीही पत्रांतूनच. पानिपतच्या पराभवाची खबर नानासाहेब पेशव्यांना कळली ती सावकारी पत्रातून. मोती गळाले, मोहरा हरवल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही, अशा सांकेतिक भाषेत माणसे गेल्याचे त्यात लिहिले होते. जुन्या पत्रांत मजकुराला ‘वर्तमान’ म्हणत. ‘पत्र पावले, वर्तमान कळले’ हे वळण कित्येक पिढ्यांच्या हाताखालून गेलेले. छापील बातम्यांच्या कागदाला ‘वर्तमानपत्र’ हे नाव शोभले ते त्यामुळेच. त्या नावाचे दोन्ही तुकडे घरातल्या टपालातले आहेत, आणि मला यात फार मोठा अर्थ दिसतो. नवी गोष्ट लोकांनी ओळखीच्या गोष्टीच्या नावानेच घरात घेतली.

6 जानेवारी 1832 रोजी बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले, मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी घेऊन. पुढे पत्रे वाढत गेली तसे संपादकाला ‘पत्रकर्ते’ म्हणू लागले. पत्राच्या नावाला ‘कर्ते’ जोडले की माणूस कळे: प्रभाकरकर्ते, केसरीकर्ते. आजचा ‘पत्रकार’ याच घराण्यातला.

‘पत्र’ या शब्दाची खरी श्रीमंती दिसते ती भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये. 1848 पासून तिथे गोपाळ हरी देशमुख ‘लोकहितवादी’ या सहीने लिहीत राहिले. बालविवाह, विधवांची स्थिती, ब्राह्मणांची विद्या, इंग्रजांच्या राज्याची कारणे असे जड विषय त्यांनी पत्रांतून मांडले. ती पत्रे 108 भरली, तरी ‘शतपत्रे’ हेच नाव रूढ झाले. पत्राचा बाज घेतल्याने त्यांना ग्रंथाचा भारदस्तपणा टाळता आला. माणूस माणसाशी बोलतो तसे, प्रसंगी रागावून, ते बोलू शकले. सरकारी नोकरीतल्या लेखकाला टोपणनावाचा आडोसाही मिळाला. त्याआधी 1841 मध्ये भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी ‘बॉम्बे गॅझेट’मध्ये ‘एक हिंदू’ या अर्थाच्या इंग्रजी सहीने इंग्रजांच्या राज्यावर कडक टीका केली, तीही पत्रेच होती.

1854 च्या टपाल कायद्याने अंतर कितीही असले तरी पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा असा एकच दर आला. तालुक्याच्या गावातून मुंबई-पुण्याच्या पत्रकर्त्याला मजकूर धाडणे आता परवडू लागले. पगारी बातमीदार विरळ होते. गावोगावचे वर्तमान वाचकच लिहून पाठवत, म्हणजे छापलेल्या पत्राचे पोट लिहिलेल्या पत्रांवर भरे.

पण त्यात धोकाही होता. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्या नावावरच्या काही पत्रांवर विसंबून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ यांनी त्यांच्यावर कठोर आरोप केले. पत्रे बनावट ठरली. माफी मागूनही 1882 मध्ये टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि 101 दिवसांनी सुटले.