ईवॉक आणि वूकी: दोघंही केसाळ, दोघंही झाडावर, पण गल्लत करू नका

माझ्या भाचीने या सुट्टीत स्टार वॉर्सचे जुने तीन सिनेमे पहिल्यांदाच ओळीने बघितले आणि तिसऱ्यात ती जंगलातली छोटी छोटी केसाळ मंडळी आली तशी ती म्हणाली, मावशी, ही च्युबॅकाची पिल्लं ना? मी म्हटलं नाही गं, च्युबॅका म्हणजे तो उंच केसाळ, तो वूकी जमातीचा, आणि ही छोटी मंडळी म्हणजे ईवॉक, वेगळी जमात. तर म्हणे मग सेम का दिसतात. हा प्रश्न काही फक्त लहान मुलांचा नाहीये, चांगल्या तिशी-पस्तिशीतल्या लोकांनी मला च्युबॅकाचा फोटो दाखवून ईवॉक म्हटलंय आणि ईवॉकचं खेळणं दाखवून वूकी. म्हणून एकदा नीट लिहायचं ठरवलं, कारण ही छोटी जमात मला मनापासून आवडते आणि तिला दुसऱ्या कुणाचं तरी बारकं व्हर्जन समजून सोडून दिलेलं मला बघवत नाही.

आधी ओळखायचं कसं ते सांगते, ते सोपंय. ईवॉक साधारण एक मीटर उंच, म्हणजे आपल्या कंबरेपर्यंत येईल एवढा, अंग गुबगुबीत, कान अस्वलासारखे गोल आणि वर उभे, आणि डोक्यावर जवळजवळ नेहमी चामड्याचं टोपरं, त्याला कानांसाठी भोकं. वूकी दोन मीटरच्या वर, केस लांब लोंबते, कान त्यातच कुठेतरी हरवलेले, आणि च्युबॅकाच्या अंगावर कपडा असा काहीच नाही, फक्त खांद्यावरून तिरका जाणारा पट्टा. टोपरं दिसलं की ईवॉक, एवढं लक्षात ठेवलं तरी शंभरातल्या नव्वद वेळा चुकणार नाही.

पण मग सेम का वाटतात? तर भाचीचा प्रश्न वाटतो तितका चुकीचा नाहीये, कारण ईवॉक खरोखरच वूकीतून निघालेत. झालं असं की स्टार वॉर्स ज्याने रचलं त्या जॉर्ज लुकासच्या डोक्यात पहिल्यापासून एक लढाई होती, जंगलात राहणारी, यंत्रं माहीत नसलेली माणसं बलाढ्य साम्राज्याला हरवतात अशी, आणि ती माणसं म्हणजे वूकी असणार होते. पण १९७७ च्या पहिल्या सिनेमात च्युबॅका आला तो थेट यानाचा को-पायलट म्हणून, यान चालवणारा, बिघडलं की दुरुस्त करणारा, आणि एकदा लोकांनी त्याला पाना हातात घेतलेला बघितला की त्याची जमात रानटी आणि यंत्रांपासून लांब आहे हे कोण मानणार. मग १९८३ च्या तिसऱ्या सिनेमासाठी त्या लढाईला नवीन लोक लागले. लुकासनेच सांगितलंय की त्याने वूकींना उंचीत अर्धं केलं. तर गल्लत आपल्या डोळ्यांची नाही, ती जन्मातच आहे, आणि फरक उंचीपेक्षा यंत्राचा आहे. वूकीला यंत्र कळतं, ईवॉकला कळत नाही, आणि पुढे जे जे येतं ते सगळं यातूनच निघतं.

नावाचं पण तसंच. वूकीमधले दोन तुकडे उलटे केले, वूक-ई चं ई-वूक, की ईवॉक जवळजवळ तयार होतो, आणि दुसरीकडे मिवॉक या कॅलिफोर्नियातल्या मूळ रहिवाशांच्या नावाशी त्याचा संबंध सांगतात. इथे एक छोटी दुरुस्ती करते, कारण हे बऱ्याच ठिकाणी चुकीचं छापलेलं असतं. शूटिंग झालं तो भाग मिवॉक लोकांचा नाही. ते रेडवूडचं जंगल कॅलिफोर्नियाच्या पार उत्तर टोकाला, क्रेसेंट सिटीजवळ आहे, तो तोलोवा लोकांचा मुलूख, आणि मिवॉक मंडळी तिथून बरीच दक्षिणेला, सॅन फ्रान्सिस्कोच्या वरच्या बाजूला, जिथे लुकासचं स्वतःचं काम चालायचं. आणखी एक गंमत म्हणजे ईवॉक हा शब्द त्या सिनेमात कुणीच उच्चारत नाही, तो लोकांना श्रेयनामावलीतून आणि खेळण्यांच्या खोक्यांवरून कळला.

आत माणसं कोण होती हेही बघण्यासारखंय. च्युबॅकाच्या केसांत पीटर मेह्यू, ७ फूट ३ इंच, लंडनच्या हॉस्पिटलमध्ये नोकरी करणारा माणूस. विकेट नावाच्या मुख्य ईवॉकच्या आत वॉर्विक डेव्हिस, निवड झाली तेव्हा ११ वर्षांचा पोरगा, चार फुटांपेक्षा कमी उंचीची माणसं हवीत अशी रेडिओवरची जाहिरात त्याच्या आजीने ऐकली म्हणून तो गेला. खरं तर विकेट करणार होता केनी बेकर नावाचा दुसरा नट, पण ऐन वेळी तो आजारी पडला आणि ते काम या पोराला मिळालं. काहीतरी नवीन दिसलं की विकेट मान तिरकी करून बघतो ना, ते त्याने घरच्या कुत्र्याचं बघून उचललेलं. आणि तिकडे च्युबॅका लुकासला सुचला तो त्याच्या स्वतःच्या कुत्र्यावरून, गाडीत शेजारच्या सीटवर बसायचा त्यावरून. म्हणजे दोन्ही जमातींच्या मागे एकेक कुत्रा आहे.

राहतात दोघंही झाडांवर, आणि इथे लोक हमखास फसतात. ईवॉक एंडोरच्या चंद्रावर, वूकी कशीक नावाच्या ग्रहावर. ईवॉकचं गाव म्हणजे बुंध्याभोवती बांधलेल्या लाकडी झोपड्या, त्यांच्यामध्ये दोराचे झुलते पूल, खाली अंधार, गवताची छपरं, मधल्या चौकात शेकोटी. वूकींची घरं पण झाडांतच, पण आत दिवे, पडदे, यंत्रं, स्वयंपाकघर सगळं, बाहेरून जंगल आणि आतून फ्लॅट म्हणा ना.

बोलण्याचा फरक मला सगळ्यात आवडतो. दोन्हींचे आवाज सिनेमाचे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनीच केले. वूकीचा आवाज म्हणजे अस्वल, वॉलरस, सिंह, बॅजर अशा प्राण्यांच्या रेकॉर्डिंगचे तुकडे जोडून केलेलं गुरगुरणं, त्यात आपल्याला शब्द सापडत नाहीत, भाव कळतो, आणि अर्थ त्याचा यानातला जोडीदार हान सोलो काय उत्तर देतो त्यावरून लावायचा. ईवॉकचं उलट, ते खरंखुरं बोलतात, वाक्यं असतात, चढउतार असतात, कारण बर्ट यांनी त्याचा पाया कल्मिक या मंगोल वंशाच्या लोकांच्या भाषेवर घातला आणि त्यात तिबेटी आणि नेपाळी मिसळली. त्यामुळे आपल्या कानाला ती उगाचच ओळखीची वाटते, पलीकडच्या खोलीत कुणीतरी आपल्याच बाजूचं काहीतरी बोलतंय आणि नीट ऐकू येत नाहीये असं.

आता त्यांचं जगणं. लोक ईवॉकना टेडी म्हणतात त्याचा मला राग येतो, कारण सिनेमा नीट बघितला तर ही शिकारी जमात आहे. त्यांनी हान आणि ल्यूक या सिनेमाच्या नायकांना धरलं तेव्हा दांड्याला उलटं बांधून गावात नेलं ते भाजून खायला, खाली सरपण रचलेलं दिसतं. प्रमुख चिरपा, आणि त्याच्या शेजारी लोग्रे हा त्यांचा वैदू, भगत म्हणा, डोक्यावर पक्ष्याची मोठी कवटी. नायकांबरोबरचा सोनेरी रोबो दिसला तर त्याला देव समजून हात जोडले, पालखीसारख्या खुर्चीत बसवून मिरवत आणलं, आणि जेवणाचा बेत त्याच्याच मानाचा.

पण त्याच रात्री काय होतं बघा. रोबो त्यांच्या भाषेत आधीच्या सगळ्या युद्धांची गोष्ट सांगतो, आपल्याला एक शब्द कळत नाही, पण तो तोंडाने मोठ्या यंत्रांच्या पावलांचा आवाज काढतो, खलनायक व्हेडरच्या श्वासाचा काढतो, बंदुकांचा काढतो, आणि शेकोटीभोवती बसलेले ईवॉक कधी दचकतात, कधी एकमेकांकडे बघून कुजबुजतात, विकेट तर ऐकता ऐकता उठूनच उभा राहतो. गोष्ट संपते, म्हातारे आपसात बोलतात, आणि निर्णय होतो की ही माणसं आता आपल्या टोळीतली. एक ईवॉक हानच्या पायाला मिठीच मारतो. मला हे त्यांच्या संस्कृतीचं सगळ्यात खरं चित्र वाटतं, आदल्या प्रहरी ज्यांना भाजणार होते त्यांना एक गोष्ट ऐकून घरचं करून घेतलं, आणि एकदा घरचं म्हटल्यावर त्यांच्यासाठी मरायला पण गेले. तलवार दाखवून किंवा पैसे देऊन कुणी त्यांना बाजूला वळवलेलं नाही.

लढाईत त्यांच्याकडे भाले, धनुष्यबाण, गोफणी, दोर आणि ओंडके. गनिमी कावाच तो, आणि लुकासने यामागे व्हिएतनामच्या युद्धाचा विचार असल्याचं सांगितलंय. पण सगळं पहिल्या फटक्यात जमत नाही हे लोक विसरतात. दगड मारतात ते साम्राज्याच्या वॉकरवर, म्हणजे दोन पायांवर चालणाऱ्या लोखंडी रणगाड्यावर, आपटून खाली पडतात, पायात दोर अडकवायला जातात तर दोरासकट तेच फरपटत जातात. दोन ईवॉक गोळ्याच्या माऱ्यात पडतात, एक उठतो, दुसऱ्याला हलवतो, परत हलवतो, मग कळतं आणि त्याच्या शेजारी अंग टाकतो. काही सेकंदांचा शॉट आहे, भाची त्यानंतर बराच वेळ गप्प होती. मग ओंडके कामाला येतात, दोन्ही बाजूंनी झुलत येऊन वॉकरचं डोकं मधे चेपतात, उतारावरून गडगडत येऊन दुसऱ्याचे पाय घसरवतात. आणि शेवटी सैनिकांच्या पांढऱ्या हेल्मेटांवर काठ्यांनी ताल धरतात.

वूकींबद्दल थोडक्यात, कारण ते बऱ्याच जणांना माहीत असतात. ते खूप जगतात, च्युबॅका दोनशे वर्षांच्या आसपासचा आहे. त्यांच्याकडे उपकाराची जाण फार पक्की, कुणी जीव वाचवला तर त्याची साथ सोडत नाहीत. अंगात ताकद जबरदस्त, त्यामुळेच साम्राज्याने त्यांना गुलाम करून राबवलं. त्यांचं हत्यार बो-कास्टर, दिसायला धनुष्यबाणासारखं पण आतून बंदूक, इथेही तोच यंत्राचा मुद्दा आला. आणि भाचीच्या प्रश्नाचं खरं उत्तर म्हणजे च्युबॅकाला मुलगा आहे, लंपी नावाचा. तो छोटाच आहे पण लांब केसांचा, टोपरं नाही, गुरगुरतो तो बापासारखा, एका नजरेत वूकी.

दोघांना शेजारी शेजारी बघायचं तर तिसऱ्या सिनेमातच दोन जागा आहेत. एक जाळ्याची. जंगलात काठीला मांस टांगलेलं दिसतं, च्युबॅकाला भूक आवरत नाही, तो ओढतो आणि सगळेच्या सगळे जाळ्यात वर लटकतात. ईवॉकने लावलेल्या सापळ्यात वूकी सापडतो, जंगलावर हुकूमत कुणाची ते तिथेच कळतं. दुसरी लढाईतली, च्युबॅका दोन ईवॉकना बरोबर घेऊन वेलीवरून झोका घेतो आणि तिघं चालत्या वॉकरच्या टपावर उतरतात. एक ईवॉक काचेतून उलटा डोकावतो, आतले सैनिक गडबडतात, झाकण उघडतं, च्युबॅका एकेकाला बाहेर फेकतो, आणि मग तो सरळ सीटवर बसून यंत्र चालवायला लागतो, तोफा वळवतो, तसल्याच दुसऱ्या वॉकरला उडवतो. ईवॉक शेजारी आहेत, पण बटणाला हात वूकीचा. या उलट थोडं आधी पापलू नावाचा ईवॉक साम्राज्याच्या पहारेकऱ्यांच्या स्पीडर बाइकवर, म्हणजे जमिनीवर तरंगत जाणाऱ्या गाडीवर, चढतो, हाताला येईल ते दाबतो, गाडी सुसाट सुटते, आणि तो थांबवायची कशी हे न शोधता वेल पकडून उतरून जातो आणि गाडी तशीच पुढे जाऊ देतो. त्याला गाडी नकोच होती, पहारेकरी लांब जायला हवे होते, ते गेले.

आणखी बघायचं असेल तर ईवॉकवर दोन टीव्ही सिनेमे आहेत, १९८४ आणि १९८५ चे, आणि १९८५ लाच सुरू झालेली कार्टून मालिका. पहिल्या टीव्ही सिनेमात हरवलेल्या दोन मुलांना घेऊन काही ईवॉक त्यांचे आईबाप शोधायला निघतात. वूकींचं घर बघायचं तर १९७८ चा सणाचा टीव्ही कार्यक्रम, एकदाच दाखवला, त्यात च्युबॅकाची बायको मल्ला, वडील इची आणि हा लंपी भेटतात, आणि कशीकवरची मोठी लढाई २००५ च्या सिनेमात आहे. तिसऱ्या सिनेमाचं शेवटचं गाणं मात्र १९९७ मध्ये बदललं, ईवॉकच्या भाषेतलं काढून दुसरं संगीत घातलं, मला ते आजही खटकतं, कारण विजय झाला तेव्हा त्यांच्याच भाषेत गाणं असायला पाहिजे होतं. भाचीला मी जुनं गाणं वेगळं शोधून ऐकवलं, आता ती पोळ्या लाटताना शेजारी बसून डब्याच्या झाकणावर तो ताल धरते.