पिसू दिसत नाही, खाज थांबत नाही

जुलै लागला आणि आमच्या कुत्र्याच्या, बंड्याच्या, शेपटीच्या बुडाशी केस जाऊ लागले. मक्याचं कणीस खावं तसा तो पुढच्या दातांनी ती जागा कुरतडायचा. आम्ही टॉर्च लावून सगळं अंग धुंडाळलं. पिसू एकही नाही. मग संशय चिकनवर. चिकन बंद, दूधभात सुरू, खाज जशीच्या तशी. शेजारच्या काकांनी गॅरेजमधलं जळकं ऑइल फासायला सांगितलं. खरजेवरचा हा जुना उपाय अजून सर्रास चालतो, पण कुत्रं अंग चाटणारच आणि ते ऑइल पोटात जाणारच. कृपा करून करू नका.

डॉक्टरांनी बारीक दातांची फणी फिरवली, निघालेली काळी भुकटी ओल्या कापसावर झटकली. मिनिटभरात कणांभोवती तांबूस वलय पसरलं. माती असती तर असा रंग सुटला नसता. ही पिसूची विष्ठा, म्हणजे बंड्याचंच पचलेलं रक्त.

पिसू चावताना लाळ सोडते. काही कुत्र्यांना त्या लाळेतल्या प्रथिनांची ॲलर्जी असते. त्यांना मोजके चावेही पुरतात, खाज मात्र कित्येक दिवस टिकते. गंमत अशी, की खाज जितकी जास्त तितकं कुत्रं अंग जास्त चाटतं, चावतं आणि पिसवा गिळून टाकतं. म्हणजे ज्याला सर्वाधिक त्रास, त्याच्याच अंगावर पिसू सापडणं अवघड.

शिवाय अंगावरच्या पिसवा हा एकूण पसाऱ्याचा जेमतेम 5 टक्के भाग. उरलेला सगळा अंडी, अळ्या आणि कोश यांच्या रूपात सतरंजीत, सोफ्याखाली, फरशीच्या फटीत. एक मादी दिवसाला 40-50 अंडी घालू शकते. कोशातली पिसू महिनोन्‌महिने थांबते. ऊब लागली, पावलांचा हादरा बसला की बाहेर येते. मे महिनाभर बंद असलेल्या घरात पाऊल टाकताच घोट्यांना चावे बसतात ते यामुळेच. म्हणून एकदा औषध लावून भागत नाही, निदान तीन महिने नेटाने करावं लागतं.

प्रत्येक खाज पिसूचीच, असंही नाही. कानांच्या कडा आणि कोपरं खाजत असतील तर खरजेच्या किड्याची शंका घेतात. कानाची कडा बोटांनी चोळली की बऱ्याचदा मागचा पाय आपोआप खाजवायला हलतो. पंजे चाटणं, कान पुन्हा पुन्हा बिघडणं हे सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू झालं, तर धूळ-परागकणांची ॲलर्जी असू शकते. डेमोडेक्स हा केसांच्या मुळाशी राहणारा किडा तर निरोगी कुत्र्यांतही असतो. प्रतिकारशक्ती ढासळली की तो माजतो आणि टक्कल पडतं. अन्नाची ॲलर्जी असतेही, पण ती ओळखायला आठेक आठवडे ठरलेलं एकच खाणं द्यावं लागतं, मध्ये एक बिस्किटसुद्धा नाही. कुत्र्यांना बाधणाऱ्या अन्नात बीफ आणि चिकनच्या जोडीला दुधाचाही नंबर बराच वरचा. आमचा दूधभाताचा प्रयोग आठवून मला जरा ओशाळायला झालं.

जाताना डॉक्टरांनी विचारलं, "घरात मांजर आहे का?" आमचं नव्हतं, पण जिन्यातली मनी रोज बंड्याच्या गादीवर झोपायला यायची. तिला खाजवताना कोणी पाहिलंच नव्हतं. कुत्र्यांवर आढळणारी पिसूही बहुतेकदा मांजराचीच जात. डॉक्टरांनी मनीसाठी वेगळं औषध दिलं, कारण कुत्र्याच्या पिसूच्या औषधातलं पर्मेथ्रिन हे कीटकनाशक मांजराच्या जिवावर बेततं. संध्याकाळी मनीच्या मानेवरून फणी फिरवली. पहिल्याच फटक्यात तीन पिसवा.